घाट लागण्याआधी पंखा

वाई मागं पडली की पसरणी घाट सुरू होतो. १२-१३ किलोमीटरांत रस्ता सुमारे ७०० मीटर उंचीवरून पाचगणीच्या १३०० मीटरपर्यंत चढतो. मे महिन्याच्या सुट्टीत पुढं एसटी, मागं गाड्यांची रांग, आणि मध्ये दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी जुनी मारुती ८००. इंजिन सगळा जोर लावत असतं, वेग मात्र ताशी २० किलोमीटरच्या वर जात नाही. सपाट हायवेवर ताशी ६०च्या वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवायला पुरतो, पंखा बहुतेक वेळ बंदच असतो. घाटात उष्णता सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी. तिथं सगळी भिस्त रेडिएटरमागच्या पंख्यावर.

अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात हा पंखा इंजिनच पट्ट्यानं फिरवायचं. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि ही व्यवस्था सामान्य घरांतून हळूहळू मागं पडली. ८००चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं आहे. इंजिनचं तोंड चाकाकडे, रेडिएटर नाकासमोर. पट्टा तिथवर नेणार कसा? म्हणून विजेची मोटर आली, आणि ती कधी चालू करायची हे ठरवायला थर्मोस्विच आला. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की स्विच जोडला जातो, पाच-सहा अंश उतरलं की सुटतो. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. काही करताही येत नाही.

वाईतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये नव्वदच्या दशकातली अशीच एक कारबोरेटरवाली ८०० बोनेट उघडून उभी होती. मालकाची तक्रार सरळ होती: घाटाच्या वरच्या टप्प्यात काटा लाल पट्टीला टेकतो आणि पंखा कधी उशिरा लागतो, कधी लागतच नाही.

‘‘काका, फॅन डायरेक्टच करून द्या की. चावी लावली की फिरू दे.’’

‘‘डायरेक्ट नको, दादा. थंडीत सकाळी इंजिन तापणारच नाही, चोक ओढून गाडी चालवत बसाल. आधी तो लागत का नाही ते बघू. मग बटण देतो.’’

‘फॅन डायरेक्ट करणं’ हा महाराष्ट्रातल्या गॅरेजांत सर्रास चालणारा उपाय. चावी लावली की पंखा सुरू, चावी काढली की बंद. पैसे कमी लागतात, वेळ कमी लागतो. पण इंजिन ज्या तापमानाला नीट चालावं म्हणून बनवलेलं असतं, तिथवर पोचायला त्याला उशीर लागतो, पेट्रोल जास्त जातं, मोटरचे ब्रश विनाकारण झिजतात. आणि मूळ आजार तसाच राहतो. त्या गॅरेजातल्या वायरमनचा क्रम म्हणूनच बघण्यासारखा होता. बटणाचं काम त्यानं सगळ्यात शेवटी ठेवलं.

पहिल्यांदा टेस्ट लॅम्प. पंख्याचा कपलर सोडून मोटरला बॅटरीवरून थेट वीज दिली. पंखा जोरात फिरला, म्हणजे मोटर ठीक. मग थर्मोस्विच काढला. त्याच्या पितळी टोकावर पांढरट क्षारांचा थर बसला होता. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं की हा थर बसतोच, आणि पाणी किती तापलंय हे स्विचला उशिरा कळतं. स्विच पातेल्यातल्या पाण्यात बुडवून, मल्टिमीटरची दोन्ही टोकं लावून, शेजारी थर्मामीटर धरून गॅस पेटवला. पाणी खळखळून उकळलं तरी मल्टिमीटर वाजला नाही.

इथं घाई केली असती तर ‘स्विच गेला’ म्हणून विषय संपला असता. पण वाईच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आतच उकळतं, त्यापुढं ते तापतच नाही. म्हणून भांड्यात अर्धं कूलंट, अर्धं पाणी घेतलं. हे मिश्रण शंभरीच्या पुढं जातं. १००च्या जरा वर गेल्यावर मल्टिमीटर वाजला. स्विच मेलेला नव्हता, म्हातारा झाला होता. अशा स्विचनं साधारण ९२ ते ९८च्या दरम्यान जोडलं जावं अशी अपेक्षा असते.

मग त्यानं रेडिएटरचं झाकण हातात घेतलं. रबर कडक होऊन तडकलेलं. घाटातल्या त्रासाचा खरा उलगडा या तडकलेल्या रबरात होता. धड झाकण पाण्याला सुमारे ०.९ बार दाबाखाली ठेवतं, त्यामुळे पाचगणीच्या उंचीवरही पाणी ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण दाब धरत नसेल तर ते पाणी उघड्या भांड्यातल्यासारखं वागतं, आणि पाचगणीला उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. गाडीत साधं पाणी, झाकण ढिलं आणि स्विच जोडला जाणार १००ला. म्हणजे पंखा लागण्याआधीच पाणी उकळून बाहेर पडणार. पाणी कमी झालं की स्विचचं टोक वाफेत उघडं पडतं आणि त्याला धड तापमान कळत नाही. खाली वाईत सपाट रस्त्यावरच्या वाऱ्यानं ही गाडी कशीबशी निभावते आणि वर गेल्यावर दगा देते, ते या हिशेबामुळे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असते, पण बोनेटखाली ती कुणाला आठवत नाही.

नवं झाकण, नवा थर्मोस्विच, रेडिएटर धुऊन कूलंटचं निम्मं मिश्रण. एवढं झाल्यावर बटणाची गरज उरली का? उरली, आणि तिचं कारण वेगळं आहे. थर्मोस्विच झालेल्या गोष्टीवर काम करतो. पाणी तापलं, मग पंखा. ड्रायव्हरला मात्र पुढचं वळण दिसत असतं, पुढं थांबलेली रांग दिसत असते. पायथ्यालाच पंखा लावला तर चढाची सुरुवात थंड पाण्यानं होते आणि काटा शांत राहतो. शिवाय एखाद्या दिवशी स्विच खरोखर गेलाच, तर अॅल्युमिनियमचं हेड वाकून हजारोंचा खर्च येण्याआधी हाताशी दुसरा मार्ग असतो.

आता वायरिंग.

सर्वांत जास्त चुका होतात त्या इथं. सोपा वाटणारा मार्ग असा: बॅटरीवरून वायर डॅशबोर्डवर आणायची, टॉगल स्विचमधून फिरवून परत पंख्याला न्यायची. छोट्या गाडीच्या पंख्याची मोटर १२० वॉटची धरली तरी १२ व्होल्टला १० अँपिअर होतात, आणि चालू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. बाजारात मिळणारी स्वस्त बटणं हा भार फार दिवस झेलत नाहीत. आतले संपर्क जळतात, प्लास्टिक वितळतं, आणि हे सगळं ड्रायव्हरच्या गुडघ्यावर. वायरही खाते. ०.७५ चौरस मिलिमीटरची चार मीटर तांब्याची वायर १० अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट गिळते. तेवढा पंखा मंद फिरतो, नेमका जेव्हा तो जोरात फिरायला हवा तेव्हा.

म्हणून मध्ये रिले. बाजारात सहज मिळणारा चार पिनांचा रिले ३० ते ४० अँपिअर पेलतो आणि त्याच्या कॉइलला लागतो जेमतेम ०.१५ अँपिअर. डॅशबोर्डवरच्या बटणानं फक्त हुकूम द्यायचा, ओझं रिलेनं उचलायचं. पिनांचे आकडे जर्मन मानकातून आलेले आहेत आणि जगभर तेच चालतात: ३० म्हणजे बॅटरी, ८७ म्हणजे ज्याला वीज द्यायची ते उपकरण, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं.

या गाडीत पंख्याचा सगळा करंट आजवर थर्मोस्विचमधूनच बॉडीला जात होता. वायरमननं ती रचना बदलली. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा निळा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३०ला, ८७वरून तशीच जाड वायर पंख्याला, पंख्याचं दुसरं टोक थेट बॉडीला. फ्यूज बॅटरीजवळच का? कारण फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो पंख्याजवळ लावला तर बॅटरीपासून तिथवरची सगळी वायर बेवारस राहते. पत्र्याला घासून सोलली तर आग लागू शकते.

कॉइलच्या ८६ला चावी लावल्यावरच येणारी वीज दिली, छोट्या फ्यूजमधून. या एका निर्णयानं बॅटरी वाचते. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी १० अँपिअरचा विसरलेला पंखा फार काळ सांभाळू शकत नाही, दोन-तीन तासांत स्टार्टर फिरवायची ताकद जाते. चावी काढली की पंखाही बंद, मग बटण कसंही राहिलेलं असो.

उरली ८५. सगळ्या जोडणीचं मर्म या एका पिनेत आहे. तिथून दोन बारीक वायरी निघाल्या. एक थर्मोस्विचला, दुसरी डॅशबोर्डवरच्या टॉगलला, आणि दोन्हींची पुढची टोकं बॉडीला. दोघांपैकी कुणीही वाट मोकळी केली की रिले खट्कन ओढतो. बटण बंद असलं तरी थर्मोस्विच आपलं काम करतो. थर्मोस्विच गेला तरी बटण करतं. एक दुसऱ्याच्या आड येत नाही. शिवाय थर्मोस्विचमधून आता दहाऐवजी ०.१५ अँपिअरच जाणार, त्यामुळे त्याचं आयुष्यही वाढतं.

काही जण तीन खुणांचं बटण बसवतात: आपोआप, बंद, चालू. मधली ‘बंद’ची खूण कोकणात पावसाळ्यात उपयोगी पडते हे खरं. रस्त्यावर साचलेल्या खोल पाण्यातून जाताना फिरता पंखा पाण्यात अडकतो, पाती पुढं वाकतात आणि रेडिएटरच्या जाळीवर घासतात. पण पाणी ओलांडल्यावर बटण ‘बंद’वरच राहिलं, तर त्या गाडीचं इंजिन केवळ विसरण्यामुळे जाईल. ज्याला गरज आहे त्यानं ८६च्या वायरीत दाबून धरायचं बटण बसवावं. बोट असेपर्यंत पंखा बंद, बोट उचललं की पूर्ववत. विसरायला वावच ठेवायचा नाही.

हाताचं काम बघताना कळतं की आकृतीत न दिसणाऱ्या गोष्टींवरच ही जोडणी टिकते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात आवरण कापते. वायरीच्या टोकाचं थिंबल सोल्डरनं न चिकटवता क्रिम्पिंग टूलनं दाबून बसवलेलं बरं, कारण सोल्डर जिथं संपतं तिथंच सतत थरथरणारी वायर तुटते. अर्थ घेताना रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर थिंबल घट्ट करायचं आणि वरून ग्रीस लावायचं. रिले उभा बसवायचा, पिना खाली, म्हणजे बोनेटमधून आलेलं पावसाचं पाणी त्यात साठत नाही. कॉइलच्या दोन टोकांत एक डायोड, पट्टा धन बाजूला. कॉइल सुटताना उलटा उठणारा विजेचा झटका तो पचवतो आणि बटणाचे संपर्क वाचतात.

डॅशबोर्डवर एक छोटा एलईडीही बसला. तो बटणाला न जोडता ८७ला जोडला. बटणाला जोडलेला दिवा फक्त बटण दाबलंय एवढंच सांगतो. ८७वरचा दिवा रिलेनं पंख्याकडे वीज सोडली हे सांगतो, मग हुकूम बटणाचा असो वा थर्मोस्विचचा.

शेवटची तपासणी कागदाच्या तुकड्याची. पंख्याच्या मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या तर ती उलटी फिरते, आणि आवाजावरून कुणालाच कळत नाही. रेडिएटरमागचा पंखा समोरचा वारा आत ओढणारा असतो. उलटा फिरला तर इंजिनची गरम हवा पुढं ढकलतो आणि येणाऱ्या वाऱ्याशी भांडतो. वायरमननं जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला, मालकानं बटण दाबलं, कागद जाळीला चिकटला. मग इंजिन चालू ठेवून पंख्याच्या टोकांवर मल्टिमीटर लावला. बॅटरीपेक्षा पाव व्होल्टनं कमी. काम पक्कं.

मालकाला जाताना दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. चढ संपला की लगेच चावी काढू नका. इंजिनबरोबर पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही थांबतात आणि इंजिनच्या आतलं गरम पाणी थंड होत नाही. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा. दुसरं, काटा वर गेलाच तर झाकणाला हात लावू नका. हीटर असेल तर पूर्ण उघडा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे, केबिनमध्ये घाम निघेल पण इंजिन वाचेल.

ही पद्धत सगळ्या गाड्यांना लागू नाही. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत पंख्याचा वेग कॉम्प्युटर कमी-जास्त करतो, आणि तापमानाचा सेन्सर बिघडला तर तोच पंखा पूर्ण वेगानं चालू ठेवतो. तिथं मध्ये वायर कापून बटण घालणं म्हणजे महागड्या कंट्रोलरशी खेळ, वर वॉरंटीही धोक्यात. रिलेची साधी जोडणी शोभते ती जुन्या ८००, झेनसारख्या गाड्यांना. त्यांतली वायर माणसाच्या डोळ्यांना आणि टेस्ट लॅम्पला अजून वाचता येते. त्या वाचनाची सोय म्हणून वायरमननं जोडणीची आकृती, फ्यूजच्या अँपिअरसकट, कागदावर काढून फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतून चिकटवली. पुढच्या वेळी गाडी पाचगणीत किंवा आणखी कुठं दुसऱ्याच मेकॅनिककडे गेली, तर त्याला वायरी उचकटत बसावं लागू नये.