साठ आणि पासष्ट: बाईच्या पेन्शनचा हिशेब

बितुआख लेउमीची पत्रे नवराबायकोला बहुधा एकाच आठवड्यात येतात, पण दोन्ही पत्रांवरचा आकडा क्वचितच सारखा असतो. आपल्या मोआदोनमध्ये येणाऱ्या बायका विचारतात, "बाई, मीही नोकरी केली, घर सांभाळलं, मुलं वाढवली. मग माझी कित्सबा यांच्यापेक्षा कमी का?" काहींना वाटते, कारकुनाने चूक केली असेल. सहसा चूक नसते. त्या आकड्यात त्या बाईच्या चाळीस वर्षांचा इतिहास भरलेला असतो, आणि तो वाचता येतो. मी जन्मभर गणित शिकवले, तेव्हा हिशेब मांडून दाखवल्यावाचून मला राहवत नाही.

आरंभ मुंबईपासून केला पाहिजे, कारण आपल्यापैकी पुष्कळजणी काम करायला तिथेच शिकल्या. बेने इस्राएल समाजात शिकलेली बाई ही नवलाई नव्हती. रिबेका रूबेन 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या आणि पुढे माझगावच्या आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामागून आपल्या मुली शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या, फोर्टातल्या कचेऱ्यांत टायपिस्ट झाल्या, टेलिफोनवर बसल्या. घरी सासू किंवा आई असे, शेजारीण असे. मूल कोणाजवळ ठेवायचे, हा प्रश्न चाळीत फारसा पडत नसे.

पण तेव्हा लग्न आणि नोकरी यांचे वाकडेच होते. मुंबईच्या एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात असा नियम होता की मुलीचे लग्न झाले की नोकरी संपली. कामगार युनियन थेट सुप्रीम कोर्टात गेली आणि 1965 साली तो नियम रद्द झाला. परराष्ट्र खात्यातल्या सी. बी. मुथम्मा यांच्या खटल्यात 1979 साली कोर्टाने अशाच नियमांवर कडक ताशेरे ओढले. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणाबरोबर घरी पाठवीत. ते कलम 1981 साली कोर्टाने काढून टाकले, पण नोकरी लागल्यापासून चार वर्षे लग्न करायचे नाही, हा नियम मात्र कायम ठेवला! हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की आपण इथे आलो तेव्हा हातात शिक्षण होते, पण नोकरीची सलग वर्षे पुष्कळजणींच्या हातात नव्हती. पेन्शनच्या हिशेबात किंमत असते ती सलग वर्षांना.

इथला कायदा कागदावर पुढारलेला होता. 1951 साली स्त्रियांच्या समान हक्कांचा कायदा झाला. 1954 च्या कायद्याने नोकरदार बाईला 12 आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळाली. (भारतात तेवढीच रजा देणारा कायदा 1961 चा.) त्याच 1954 साली बितुआख लेउमी सुरू झाली. रजेहून परतलेल्या आईला काही महिने रोज एक तास लवकर घरी जाता येई. 1964 साली समान कामाला समान पगार असेही कायद्याने ठरले.

आता दिमोना, येरुहाम, अश्दोद, लोद, रामले इथे काय घडत होते ते पाहू. फोर्टात इंग्रजी टायपिंग मिनिटाला पन्नास शब्दांनी करणाऱ्या मुलीपुढे इथे उजवीकडून डावीकडे चालणारे यंत्र आले. उल्पानमध्ये महिने गेले. कुणी नर्सिंगची परीक्षा पुन्हा दिली, कुणी बालवाडीत मेतापेलेत झाली, कुणी दिमोनाच्या कीतान गिरणीत सुतावर उभी राहिली. शाळा दुपारी एकच्या सुमारास सुटे आणि कारखाना तीन-चारला. चाळ नव्हती, सासू मुंबईत राहिलेली. मग मुलाच्या गळ्यात दोरीला किल्ली बांधून द्यायची. हिब्रूत अशा मुलाला 'येलेद मफ्तेआख', म्हणजे किल्लीवाला मुलगा, असे नावच पडले. वित्सो, नाअमत यांची माओने होती, पण जागा मिळायला नशीब लागे. शिवाय शुक्रवारी अर्धा दिवस काम आणि सूर्य मावळायच्या आत शब्बाथचा सगळा स्वयंपाक. अशा घडीत पुष्कळ बायकांनी अर्धी किंवा दोन तृतीयांश नोकरी पत्करली. मला त्यात दोष दिसत नाही. दुसरा मार्गच नव्हता.

आणखी एक गोष्ट तरुण पिढीला ठाऊक नसते. 1963 च्या पित्सुईमच्या कायद्यात आईसाठी एक सवलत आहे. बाळंतपणानंतर नऊ महिन्यांच्या आत मूल सांभाळण्यासाठी तिने राजीनामा दिला, तर तिला कामावरून कमी केले असे मानून पित्सुईम मिळतात. म्हणजे दर वर्षाच्या नोकरीला एक महिन्याचा पगार. तरतूद दयाळू आहे. त्या पैशांतून फ्रिज आला, घराचा हप्ता भरला गेला. पण त्या नोकरीची साखळी तिथे तुटली, आणि पाच-सहा वर्षांनी बाई परत कामाला लागली ती पहिल्या पायरीवर.

आता हिशेब. बितुआख लेउमीच्या वृद्धापकाळच्या कित्सबेत मूळ रक्कम सर्वांना सारखी. तिच्यावर 'वेतेक'ची वाढ मिळते: विम्याची पहिली दहा वर्षे सोडून पुढच्या प्रत्येक वर्षाला 2 टक्के, जास्तीत जास्त 50 टक्के. समजा, नवरा 28 व्या वर्षी आला आणि 65 पर्यंत राबला. एकूण 37 वर्षे, दहा वजा करून 27, म्हणजे 54 टक्के, मिळणार 50. बायको मुले मोठी झाल्यावर 38 व्या वर्षी कामाला लागली आणि 60 ला निवृत्त झाली. 22 वर्षे, दहा वजा करून 12, म्हणजे 24 टक्के. लग्न झालेल्या बाईने फक्त घर सांभाळले ती वर्षे वेतेकमध्ये धरत नाहीत. पत्रांवरच्या फरकाचे मोठे कारण हे.

सरकारी नोकरीची जुनी पेन्शन असेल तर तिथेही दर वर्षाला 2 टक्के, 35 वर्षांना 70 टक्के ही कमाल. शिक्षिकेने 20 वर्षे नोकरी केली तर 40 टक्के. पूर्ण पगार 9,000 शेकेल धरला तर 3,600. पण सगळी वर्षे दोन तृतीयांश नोकरी असेल तर हाती येतात 2,400. अर्धवेळेचा फटका असा म्हातारपणी बसतो.

आणि त्यात साठीचा नियम. पुष्कळ ठिकाणी पुरुष 65 ला आणि बाई 60 ला निवृत्त होई. बाईवर मेहेरबानी म्हणून तो केला होता म्हणतात. पण जी उशिरा कामाला लागली तिची पाच वर्षे, म्हणजे पेन्शनचे 10 टक्के, त्या मेहेरबानीत गेले. ज्यूइश एजन्सीत समाजशास्त्रज्ञ असलेल्या डॉ. नाओमी नेवो यांनी याविरुद्ध कोर्टात दाद मागितली. खटला चालू असतानाच 1987 साली क्नेसेतने निवृत्तीच्या समान वयाचा कायदा केला: बाईला हवे तर ती लवकर जाईल, पण तिला घालवता येणार नाही. 1990 साली सुप्रीम कोर्टाने निकाल नेवोबाईंच्या बाजूने दिला. आपल्यातल्या ज्यांना त्याआधीच फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवले, त्यांच्या हाती मात्र त्यातून काही आले नाही. 2004 च्या कायद्याने वय बायकांना 62, पुरुषांना 67 असे व्हायचे ठरले. आता 2021 च्या कायद्याने बायकांचे वय हळूहळू 65 कडे चालले आहे, म्हणून आपल्या सुना कुरकुरतात.

ज्यांनी कधी बाहेर नोकरी केलीच नाही, त्यांच्यासाठी 1996 हे साल महत्त्वाचे. तेव्हापासून घर सांभाळणाऱ्या बाईलाही स्वतःच्या नावाची कित्सबा मिळू लागली. तिच्यावर वेतेक नाही, पण नाव तिचे, आणि खातेही तिचे असू शकते.

विधवा भगिनींनी एक लक्षात ठेवावे. स्वतःची वृद्धापकाळची कित्सबा आणि नवऱ्यामागची शेइरीमची कित्सबा, या दोन्हींचा हक्क असेल तर आपली पूर्ण मिळते आणि शेइरीमची अर्धी. एक घेतली म्हणजे दुसरी सोडली, असे नाही. पत्रात कामाची वर्षे कमी दिसत असतील तर बितुआख लेउमीच्या शाखेत विचारता येते. जाताना जुने तलूश जपून ठेवले असतील तेवढे न्यावेत, आणि लग्नाआधीच्या नावाने केलेली नोकरी असेल तर ते नावही सांगावे.