सरकारी मदत कोणत्या वहीवरून वाटली जाते?

बाजारात मंदी आली की सरकार लोकांच्या हाती पैसा देते. लोक खरेदी करतील, दुकाने चालतील आणि दुकाने चालली की कारागिरांना काम मिळेल, असा त्यामागचा हिशेब असतो. हा पैसा श्रीमंत व गरीब दोघांनाही सारखाच द्यावा की गरिबाला अधिक द्यावा, हा प्रश्न आपल्या व्यापारी बांधवांत नेहमी निघतो. आज आपण त्याचा विचार करू.

ज्याने आयकर भरला त्यालाच पैसा परत मिळावा, असे एक मत आहे. ऐकायला ते रास्त वाटते. परंतु आयकर न भरणारा मजूरही साबण किंवा चप्पल घेताना किमतीतूनच कर भरत असतो. दुसरी गोष्ट धंद्याची. भरल्या घरात हजार रुपये जादा आले तर ते बहुधा बँकेत पडून राहतात. हातावर पोट असलेल्याचे हजार रुपये मात्र लवकरच किराणा दुकानात, शिंप्याकडे व औषधवाल्याकडे पोहोचतात. म्हणजे गरिबाला दिलेल्या पैशाने बाजारही लवकर हलतो.

अमेरिकेने हा प्रयोग अनेकदा केला. फेब्रुवारी २००८ च्या कायद्याने तेथे एकट्या करदात्याला ६०० डॉलरपर्यंत, पतिपत्नीला १,२०० डॉलरपर्यंत व प्रत्येक मुलामागे ३०० डॉलर देण्यात आले. एकट्याचे उत्पन्न ७५,००० डॉलरच्या वर गेले की रक्कम घटू लागे व ८७,००० डॉलरला ६०० चे शून्य होई. म्हणजे बड्यांना वगळले होते. पण खालच्या टोकाला काय झाले? ज्याचा आयकर नाममात्र किंवा शून्य होता, पण ज्याचे उत्पन्न किमान ३,००० डॉलर होते, त्याला ३०० डॉलरच मिळाले. त्याहून कमी उत्पन्न असणाऱ्याला सर्वसाधारणपणे काहीच मिळाले नाही. सर्वांत गरजू तोच रिकाम्या हाताने राहिला.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या संकटात ही चूक सुधारली गेली. माणशी १,२०० व मुलामागे ५०० डॉलर ठरले आणि किमान उत्पन्नाची अट राहिली नाही. तरीही वाटप मुख्यतः कर खात्याच्या जुन्या नोंदींवरून झाले. ज्यांनी कधी विवरणपत्रच भरले नव्हते, त्यांच्यापैकी अनेकांना आपली माहिती स्वतःहून कळवावी लागली. हक्क होता, पण वहीत नाव नव्हते.

त्याच वर्षी आपल्या देशातही मदत जाहीर झाली. महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा झाले. शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळाले. लहान उद्योगांसाठी मे महिन्यात ३ लाख कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची घोषणा झाली. त्याची अट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेचे जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज मिळणार होते.

आता हिशेब करून पाहा. ज्या कारखानदाराचे ५० लाखांचे कर्ज होते, तो १० लाखांस पात्र ठरला. ज्या यंत्रमागवाल्याचे २ लाखांचे होते, त्याला ४० हजार. आणि जो कारागीर सूत किंवा कातडे व्यापाऱ्याकडून उधारीवर घेऊन पोट भरत होता, त्याला या योजनेत शून्य. उधारी तीही कर्जच, पण ती बँकेच्या वहीत नव्हती. पथविक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये १०,००० रुपयांच्या कर्जाची योजना आली. त्यासाठीही विक्रीचे प्रमाणपत्र किंवा नगरपालिकेचे शिफारसपत्र लागले. शिवाय अमेरिकेत मिळाली ती रक्कम परत करायची नव्हती. येथे हातगाडीवाल्याला मिळाले ते फेडायचे होते. चार महिने धंदा बुडालेल्या माणसाला कर्ज देणे ही अर्धीच मदत होय.

आमच्या मते मदतीची खरी कसोटी जाहीर झालेल्या आकड्यात नसून ती कोणत्या नोंदीवरून वाटली गेली यात आहे. कराची नोंद धरली तर गरीब सुटतो. कर्जाची धरली तर मोठ्याला मोठा वाटा मिळतो. रेशनची नोंद धरली तर मदत पुष्कळ खालपर्यंत पोहोचते. म्हणून सरकारने अशी वही निवडावी की जिच्यात शेवटच्या कारागिराचेही नाव असेल. ही मागणी आपल्या संघटनांनी संकट येण्यापूर्वीच करत राहिले पाहिजे.

मात्र आपले नाव वहीत घालण्याचे काम आपल्यालाही करता येते. जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यांसाठी २०२३ पासून बँकांमार्फत उद्यम असिस्टची सोय झाली आहे. दुकानाची उलाढाल थोडी का होईना, बँक खात्यातून करावी. फेरीवाल्यांनी विक्रीचे प्रमाणपत्र मिळवून ठेवावे. पुढची मंदी सांगून येणार नाही. ती येईल तेव्हा कागद जमवायला उसंत मिळणार नाही, एवढे आपण २०२० मध्ये पाहिले आहे.