माऊस न धरता हिशोब : स्क्रीन रीडरवर कॉम्प्युटर कसा चालतो?

या आठवड्याचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांच्यासाठी हा सविस्तर लेख. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी हे वाचलं तरी चालेल.

रत्नागिरीहून पूल ओलांडला की भाट्ये. सुरूचं बन, समुद्र, नारळ संशोधन केंद्र. इथल्या एका बॅचला आंबापोळी, कोकम आगळ आणि खोबरेल विकणाऱ्या एक ताई आल्या होत्या. त्यांना दिसत नाही. आगळाची बाटली हातात धरून किती भरली ते त्या अचूक सांगतात. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "सर, माल माझा, गिऱ्हाईक माझं. वही मात्र पुतण्या लिहितो. पोरगा चांगला आहे, पण कुणाकडे किती उधारी राहिली ते तो सांगेल तेवढंच मला कळतं. तो मुंबईला गेला की काय करायचं?"

मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. अंध माणूस धंदा उभा करू शकतो का, हा प्रश्न महाबळेश्वरच्या भावेश भाटियांनी कधीच निकालात काढलाय. मेणबत्त्यांच्या हातगाडीपासून त्यांनी सनराइज कॅंडल्स उभी केली. आपला प्रश्न त्याहून छोटा, पण रोजचा आहे: स्वतःचं खातं स्वतः कसं बघायचं? मग मी घरी बसून मॉनिटर बंद केला आणि शिकायला लागलो.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर काय आहे ते बोलून सांगणारं सॉफ्टवेअर. 'जॉज' हे त्यातलं जुनं नाव, 1989 पासूनचं, पण ते विकत घ्यावं लागतं. आपल्याला परवडणारं म्हणजे 'एनव्हीडीए'. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये ते सुरू केलं, जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याच्यासोबत आला. डोळस माणसाने कॉम्प्युटरला जेवढे पैसे मोजले, त्यापेक्षा अंध माणसाला जास्त का पडावेत, एवढाच त्यांचा मुद्दा. म्हणून ते आजही मोफत आहे. ते उतरवून घेण्याआधी विंडोजमध्येच असलेला 'नॅरेटर' वापरता येतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा, कॉम्प्युटर बोलायला लागतो.

आता मुख्य गोष्ट. आपण पडदा एका नजरेत बघतो. ऐकणाऱ्याला सगळं एकामागून एक येतं, रेल्वेच्या डब्यांसारखं. त्यामुळे माऊसचा उपयोग नाही, कारण बाण कुठे आहे तेच दिसत नाही. सगळं काम कीबोर्डवर. टॅब दाबलं की पुढचं बटण किंवा रकाना, शिफ्ट-टॅबने मागे, ऑल्ट-टॅबने दुसरी खिडकी. एनव्हीडीएची स्वतःची कळ म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपवर इन्सर्ट अडचणीच्या जागी असते, म्हणून सुरुवातीलाच कॅप्स लॉक निवडता येतं. इन्सर्ट-टी दाबलं की आपण कुठल्या खिडकीत आहोत ते कळतं, इन्सर्ट-एफ 12 वेळ सांगतं. आणि बोलणं नकोसं झालं की कंट्रोल. ही कळ सगळ्यात आधी शिकवा! नवीन माणूस घाबरतो तो आवाज थांबत नाही म्हणूनच.

वेबसाइटवर अख्खं पान ऐकत बसलात तर संध्याकाळ होईल. तिथे उड्या मारायच्या. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के म्हणजे लिंक, बी म्हणजे बटण, ई म्हणजे लिहायचा रकाना, टी म्हणजे तक्ता. शिफ्ट धरलं की तीच उडी उलटी. इन्सर्ट-एफ 7 दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंक किंवा शीर्षकं यादी होऊन समोर येतात.

इथेच सगळे अडकतात, मीही अडकलो. रकान्यात शिरल्यावर एच दाबलं तर उडी बसत नाही, 'एच' हे अक्षर टाइप होतं. कारण कॉम्प्युटर आता वाचायच्या नाही, लिहायच्या पद्धतीत गेलेला असतो. बदल होताना छोटासा आवाज येतो, तो कानाने ओळखायची सवय लावायची. परत वाचायला यायचं असेल तर इन्सर्ट-स्पेस. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध काम झालं समजा.

आता ताईंची वही, म्हणजे एक्सेल. बाणाच्या कळीने एकेक घर पुढे जायचं. आधी आत काय आहे ते ऐकू येतं, मग घराचा पत्ता, उदाहरणार्थ 'बी 3'. नुसता '450' ऐकून कळत नाही की हे आलेले पैसे की राहिलेले. म्हणून पहिल्या ओळीत तारीख, गिऱ्हाईक, माल, रक्कम, जमा, बाकी असं लिहायचं. त्या ओळीच्या पहिल्या घरात उभं राहून इन्सर्ट-शिफ्ट-सी दाबायचं. यापुढे आडवं सरकलं की आधी रकान्याचं नाव ऐकू येतं, मग आकडा. कंट्रोल-खालचा बाण दाबला की थेट शेवटच्या नोंदीवर, आणि बेरजेला ऑल्ट आणि बरोबरची खूण. घरं एकमेकांत जोडू नका, मध्ये रिकामी ओळ सोडू नका. दिसायला सुंदर केलेली शीट ऐकायला भयंकर असते.

शेजारी कुणी बसलं असेल तर हेडफोन लावा आणि इन्सर्ट-कंट्रोल-एस्केप दाबा. पडदा पूर्ण काळा होतो, तुमचं काम चालूच राहतं. उधारीची यादी गावाला कशाला दाखवायची?

मराठीचं काय? एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक आवाजात मराठी आहे. आवाज यंत्रासारखा आहे, पहिले चार दिवस वैताग येतो. वेग कमी ठेवून सुरू करा. टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका, विंडोज-स्पेसने भाषा बदलते. आणि कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल कुणी पाठवली तर स्क्रीन रीडर त्यातून निरर्थक इंग्रजी अक्षरं वाचतो. कारण फाइलच्या पोटात खरोखर तीच अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा घालतो. पुरवठादाराला स्पष्ट सांगा, 'युनिकोडमध्ये पाठवा'. स्कॅन केलेलं छापील इंग्रजी बिल इन्सर्ट-आर दाबून बऱ्यापैकी वाचता येतं. हाताने लिहिलेल्या पावतीसाठी मात्र अजून माणूसच लागतो.

रोख नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे मोबाइल अ‍ॅप आहे, 2020 मध्ये आलेलं. कॅमेरा नोटेवर धरला की किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी ते मात्र ते सांगत नाही, हे लक्षात ठेवा. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत 'डोळे मिचकवा' म्हणतात आणि अंध ग्राहक तिथेच अडकतो. यावर सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 ला निकाल दिलाय: डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि केवायसी सगळ्यांना जमेल अशी करावी. अडवणूक झाली तर लेखी तक्रार करताना ही तारीख लिहा.

डोळस उद्योजकांनो, तुमच्यासाठीही यात काम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रकाचा नुसता फोटो टाकता ना? स्क्रीन रीडरवाल्या गिऱ्हाइकाला तिथे 'फोटो' एवढंच ऐकू येतं, भाव नाही. खाली दोन ओळी टाइप करा: आगळ, एक लिटर, एवढे रुपये.

ताईंनी पहिले दोन आठवडे फक्त इन्सर्ट-1 लावून सराव केला. त्यात कुठलीही कळ दाबली तरी काही बिघडत नाही, फक्त कळीचं नाव ऐकू येतं. तिसऱ्या आठवड्यात जुन्या वहीतली नावं पुतण्याने वाचली, त्यांनी टाइप केली. अकराव्या नावाला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "याने तर गणपतीतच पैसे दिलेत, बाकी कशी काय?" पुतण्याने पान उलटून बघितलं. जमा मागच्या पानावर लिहिलेली होती.