मृताचे उत्तरकार्य व जिवंतांचे कर्तव्य

बाप मरण पावला म्हणजे मुलांवर दोन प्रकारची कर्तव्ये येऊन पडतात. एक मृताविषयीचे व दुसरे मागे राहिलेल्यांविषयीचे. पहिल्याची आमच्या समाजात इतकी काळजी घेतली जाते की, दहाव्याचा पिंड व तेराव्याचे पान यांत काही उणे पडू नये म्हणून कर्ज काढणारेही लोक आहेत. दुसऱ्याची मात्र वर्षानुवर्षे कोणी दाद घेत नाही. आजोबांचे नाव सातबाऱ्यावर तसेच असते, बाप जाऊनही दहा वर्षे लोटलेली असतात आणि नातू पीककर्जासाठी सोसायटीच्या दारात उभा असतो, हा देखावा खानदेशात नवा नाही.

प्रथम भेटीगाठींचा विचार करू. रावेर हा केळीचा तालुका. एक मुलगा बाग पाहतो, दुसरा पुण्यास किंवा सुरतेस नोकरी करतो, मुली सावदा, फैजपूर, भुसावळ, बऱ्हाणपूर अशा ठिकाणी दिलेल्या असतात. मृत्यूची वार्ता पसरताच सर्व गोतावळा दारावर बसावयास येतो. ही रीत आम्ही वाईट म्हणत नाही. दुःखात माणसाजवळ माणूस बसावे, यापरते मोठे औषध नाही. परंतु हे औषध दिवसाच्या प्रत्येक प्रहरी पाजले म्हणजे त्याचे विष होते. मंडळींचा नवा जथा दारी आला की पुन्हा रडणे, आजाराची तीच हकीकत पुन्हा सांगणे, पुन्हा चहा. सुना चुलीपासून हलत नाहीत आणि जिचा नवरा गेला ती म्हातारी दहा दिवसांत धड अर्धी रात्रही निजत नाही. इकडे बागेतील भरलेला घड कोणाच्या सुतकासाठी थांबत नाही आणि पाण्याची पाळीही थांबत नाही.

यावर आमची सूचना साधी आहे. भेटीची वेळ सकाळी दोन तास व सायंकाळी दोन तास अशी ठरवावी आणि ती निरोपातच कळवावी. लांबून आलेल्यांस अपवाद असावा. जेवण शेजाऱ्यांनी व सोयऱ्यांनी आणावे. दुःखाच्या घरी पंगत मागू नये. टोपी, टॉवेल व लुगड्यांची देवघेव सर्वांनी मिळून बंद करावी, कारण एकट्यादुकट्याने बंद केली तर त्यास कृपण म्हणतात, गावाने बंद केली म्हणजे तीच सुधारणा ठरते. शेजारच्याच फैजपुरास 1936 साली काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. ज्या मुलखाने राष्ट्रसभेची व्यवस्था लावून दाखविली, त्यास चार घटकांच्या भेटीची शिस्त लावणे अवघड जाऊ नये.

खर्चाविषयी एवढेच सांगतो. 1895 साली वारलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी आपल्या दहनापुरते पैसे स्वतःच वेगळे बांधून ठेवले होते, असे सांगतात. आपल्या मरणाचा भार दुसऱ्यावर पडू नये, ही त्या निर्धन माणसाची काळजी होती. आम्ही मात्र बापाच्या नावे मोठी पंगत उठवितो आणि तिचे व्याज त्याच्या नातवांकडून फेडवितो.

बाप गेल्यावर आईची जी विटंबना होते तिच्याविषयी गप्प बसणे शक्य नाही. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे दुःखाचे प्रदर्शन नसून दुःखितावर केलेला जुलूम आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे 2022 मध्ये ठराव करून या चाली बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असे परिपत्रक काढले. जे हेरवाडास साधले ते रावेरास का साधू नये?

आता व्यवहाराकडे वळू. पहिले काम मृत्यूच्या नोंदीचे. 1969 च्या कायद्याप्रमाणे ती 21 दिवसांत करावयाची असते. पुढे विलंबशुल्क, परवानगी, स्वसाक्षांकित कागद अशा पायऱ्या वाढत जातात आणि वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून नोंद होत नाही. मृत्यू जेथे घडला तेथेच ही नोंद होते. रावेरचा माणूस बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात वारला तर दाखला तिकडून, म्हणजे मध्यप्रदेशातून आणावा लागतो. दाखल्यावरील नाव उताऱ्यावरील व बँकेच्या पुस्तकातील नावाशी अक्षरशः जुळते की नाही हे तेथेच पाहून घ्यावे, कारण एका काना-मात्रेपायी पुढे सहा महिने हेलपाटे पडतात.

दुसरे काम वारसनोंदीचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावी लागते. तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार लिहितो, हितसंबंधितांस नोटीस देतो, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतो आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ही वर्दी लोक इतकी टाळतात की, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी सरकारास ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली. 1 मार्च 2025 रोजी ती आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली व 1 एप्रिलपासून सर्व राज्यात नेण्यात आली. जमीन जिवंत, पीक जिवंत आणि कागद तेवढा मेलेला, ही आपल्या आळसाचीच साक्ष होय.

परंतु सर्वांत नाजूक प्रश्न पुढेच आहे. वारस कोण? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगा, मुलगी व मृताची आई यांस एका पंक्तीस बसविले आहे. वडिलोपार्जित मिळकतीत 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणे सहदायाद झाली आणि त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात ठरविले. असे असता तेराव्याच्या दिवशी मांडव उतरण्यापूर्वीच बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद ठेवला जातो. तिचे डोळे सुजलेले, आई शेजारी बसलेली, भाऊबंद ओसरीवर टपलेले! अशा वेळी घेतलेली सही संमतीची की भिडेची, हे न्यायाधीशास विचारण्याची गरज नाही. आपल्या मनास विचारावे. आणि जे तिचे नाव वारसांतून गाळूनच टाकतात, त्यांनी ध्यानात ठेवावे की फेरफार ही महसुलाची नोंद आहे. ती कोणाचा मालकीहक्क निर्माण करीत नाही आणि बुडवीतही नाही. गाळलेले नाव पुढे दाव्याच्या रूपाने उभे राहते.

कित्येकांचे म्हणणे असे पडते की, बहिणीने हिस्सा मागितला तर माहेर तुटते. आमच्या मते माहेर तुटते ते हिस्सा मागितल्याने नव्हे, तर तो लपविल्याने. बहिणीस स्वखुशीने हक्क सोडावयाचा असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण आधी सर्व मिळकतीची यादी तिच्या हाती द्यावी, निदान तीन महिने जाऊ द्यावेत, तिने आपल्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि मग कागद नोंदणी कचेरीत रीतसर नोंदवावा. दुसरी अडचण तुकड्यांची सांगतात, व ती खरी आहे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. पण त्यावर उपाय हिस्सा नाकारणे हा नसून, बाग एकत्र ठेवून उत्पन्न वाटून घेणे किंवा योग्य मोल देऊन हिस्सा घेणे हा आहे.

व्यापारी बंधूंसाठी आणखी तीन गोष्टी. बँकेतील ठेवीवर ज्याचे नाव नामनिर्देशित असते तो पैसे उचलण्यापुरता अधिकारी आहे, मालक वारसच. भागांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये साळगांवकर कुटुंबाच्या खटल्यात हेच तत्त्व कायम केले. दुसरी गोष्ट, करारात उलट काही नसेल तर 1932 च्या कायद्याप्रमाणे भागीदार मरताच भागीदारी संपते, म्हणून पेढीचा हिशेब त्या तारखेस बांधून ठेवावा. तिसरी, बापाचे कर्ज त्याच्या मिळकतीतून फेडावयाचे असते. 2005 च्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जाबद्दल केवळ ‘पितृऋण’ म्हणून मुलाच्या स्वतःच्या मिळकतीवर सावकारास हात घालता येत नाही.

सारांश, तेरा दिवसांत सही कोणाचीही घेऊ नये. यादी मात्र अवश्य करावी. दूरची भावंडे परत गाडीत बसण्यापूर्वी सर्वांनी आईसमक्ष एकत्र बसावे, जमीन, घर, ठेवी, विमा, येणे व देणे एका वहीत लिहावे आणि तिच्या नकला मुलींसह सर्वांस द्याव्यात. आईने कोठे राहावयाचे हे मुलांनी आपसांत ठरवू नये, तिला विचारावे, आणि तिच्या हिश्शाचा कागद तिच्याच पेटीत ठेवावा. पिंडास कावळा शिवला म्हणजे मृताची इच्छा तृप्त झाली असे लोक मानतात. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या घरी विधवेस अन्नवस्त्राची भ्रांत नाही आणि बहिणीस फसवले गेल्याची खंत नाही, त्या घरच्या पिंडासाठी कावळ्याची वाट पाहत बसण्याचे कारण पडू नये.