नोंदीबाहेरची भावंडे

नात्यांच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. इंग्रजीला जेथे 'कझिन' या एका शब्दावर भागवावे लागते तेथे आपल्याकडे चुलत, मावस, मामे आणि आते अशी चार दारे आहेत. साडू, व्याही, जाऊ या शब्दांसाठी तर इंग्रजीत अख्खे वाक्य लिहावे लागते. पण याच भाषेत 'सावत्र' हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी चालतो. बाप एक आणि आया दोन अशी भावंडेही सावत्र, आणि बापाने मुले असलेल्या विधवेशी लग्न केले तर रक्ताचा काडीइतका संबंध नसलेली तिची मुलेही सावत्रच. शिवाय या शब्दाला गोष्टीतल्या सावत्र आईचा वास लागलेला आहे तो वेगळाच.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेली भावंडे पहिल्या अर्थाने सावत्र आहेत. त्यांचा जन्मदाता एक आहे, आया निरनिराळ्या आहेत. पण ती एका घरात वाढलेली नाहीत. त्यांनी एकमेकांना पाहिलेले नाही, आणि आपल्याला असे कोणी भावंड आहे याचाच पुष्कळांना पत्ता नाही. पतीच्या शुक्राणूंत दोष असल्यामुळे परक्या दात्याचे वीर्य वापरून ज्यांचा जन्म झाला, अशी ही मुले. (दान स्त्रीबीजाचेही असते, तेथे आईकडून हेच नाते तयार होते.)

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे अशा सगळ्याच मुलांना सरसकट 'टेस्ट-ट्यूब बेबी' म्हणण्याची पद्धत आहे. ते बरोबर नाही. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी जे मूल जन्मले त्याचे गर्भधारण शरीराबाहेर झाले होते, इतकेच. तंत्र टेस्ट-ट्यूबचे असले तरी बीजे नवराबायकोचीच असू शकतात. उलट दात्याचे वीर्य वापरण्याला काचेच्या नळीची गरजच नसते, आणि म्हणून ही पद्धत फार जुनी आहे.

किती जुनी? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी १८८४ साली डॉ. विल्यम पॅनकोस्ट यांच्याकडे एक व्यापारी आणि त्याची बायको मूल होत नाही म्हणून आली. दोष नवऱ्यात होता. डॉक्टरांनी बाईला क्लोरोफॉर्म देऊन बेशुद्ध केले आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याचे वीर्य वापरले. मूल झाले. नवऱ्याला नंतर सांगण्यात आले. बायकोला कधीच नाही. ही हकीकत बाहेर आली ती १९०९ साली, त्या वेळी हजर असलेल्या ॲडिसन हार्ड यांनी एका वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिले तेव्हा. म्हणजे या पद्धतीच्या पहिल्या ज्ञात प्रकरणातच खुद्द आईला अंधारात ठेवले होते. मग मुलाची काय कथा!

पुढील शंभर वर्षे हाच शिरस्ता चालला. डॉक्टर, नवराबायको आणि दाता यांच्यात अलिखित करार होई: कोणी कोणाला विचारायचे नाही, कोणी कोणाला सांगायचे नाही. १९५३ मध्ये गोठवलेल्या वीर्यापासून गर्भधारणा साधली. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांवर वीर्य वर्षानुवर्षे टिकू लागले आणि एका दात्यापासून कितीही मुले होणे शक्य झाले.

येथे मला आमच्या गोठ्यातली गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या गाईला कृत्रिम रेतन करायला दवाखान्याचे डॉक्टर येतात तेव्हा गोठवलेल्या रेताची बारीक नळी वितळवतात. त्या नळीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. डॉक्टर तो वहीत लिहून घेतात आणि आम्हालाही एक कार्ड देतात. कारण उघड आहे. पुढे कालवड मोठी झाली की तिला तिच्याच बापाचे रेत दिले जाऊ नये. माझ्या वडिलांना लिहिता-वाचता येत नाही, पण ते कार्ड त्यांनी पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या उताऱ्याबरोबर ठेवले आहे. वासराच्या बाबतीत जी काळजी घेणे शहाणपणाचे वाटते ती माणसाच्या बाबतीत इतकी वर्षे मुद्दाम टाळली गेली.

किती टाळली गेली याचे सर्वांत ठळक उदाहरण लंडनचे आहे. तेथे डॉ. मेरी बार्टन आणि त्यांचे पती बर्टोल्ड वीस्नर हे १९४० पासून असा दवाखाना चालवीत. दाते त्यांच्या ओळखीतले हुशार, प्रतिष्ठित पुरुष असत. त्या कामाची कागदपत्रे बार्टनबाईंनी नंतर नष्ट केली. पुढे कॅनडातील चित्रपटकार बॅरी स्टीव्हन्स आणि लंडनमधील वकील डेव्हिड गोलांझ यांना, प्रौढ वयात, आपण दोघेही त्या दवाखान्याची मुले असल्याचे कळले. तपासणीअंती ते एका बापाचे निघाले. तो बाप म्हणजे स्वतः वीस्नर! १९४३ ते १९६२ या काळात तेथे गर्भधारणा झालेल्या अठरा जणांची डीएनए तपासणी झाली, त्यात बारा जण वीस्नरचे होते. त्यावरून गोलांझ यांनी केलेला अंदाज असा की, या एका माणसाची मुले सहाशेपर्यंत असावीत. अंदाज बाजूला ठेवला तरी अठरांत बारा हा आकडा पुरेसा बोलका आहे.

कागद जाळले तरी शरीर ही एक नोंदवहीच आहे, हे त्या दांपत्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मूल निम्मा डीएनए आईकडून आणि निम्मा बापाकडून घेते. त्यामुळे सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा, एकच पालक समान असलेल्यांत चतुर्थांश, आणि चुलत-मावस भावंडांत अष्टमांश डीएनए समान आढळतो. गालातली लाळ एका नळीत घालून प्रयोगशाळेला पाठवली की तेथे साठवलेल्या इतरांच्या नमुन्यांशी ती ताडून पाहतात. चतुर्थांश जुळला तर सावत्र भाऊ किंवा बहीण असावी. अर्थात काका-पुतण्यात आणि आजोबा-नातवातही प्रमाण तेवढेच असते. म्हणून वयातले अंतर पाहून निष्कर्ष काढतात. मुख्य गोष्ट अशी की, दात्याने स्वतः तपासणी करून घेण्याची गरजच उरत नाही. त्याच्या एखाद्या चुलत भावाने हौसेखातर केली तरी धागा हाती लागतो. २००५ मध्ये अमेरिकेतील एका पंधरा वर्षांच्या मुलाने असा धागा धरून आपला दाता शोधून काढल्याची बातमी प्रसिद्ध झाली आणि गुप्ततेच्या हमीला आता फारसा अर्थ नाही हे जगाला कळून चुकले. त्याआधी, २००० साली, वेंडी क्रेमर या बाईंनी आपल्या मुलासाठी दात्याच्या क्रमांकावरून भावंडे शोधण्याची एक नोंदणी अमेरिकेत सुरू केली होती. बाप नाही तर नाही, निदान भावंडे तरी भेटावीत, हा त्यामागचा विचार मला फार समजूतदार वाटतो. कारण बापाने गुप्त राहण्याचे वचन घेतलेले असते. भावंडांनी कोणाला कसलेच वचन दिलेले नसते.

हे सगळे निव्वळ कुतूहल आहे काय? 'ज्यांनी वाढवले तेच आईबाप, बाकीची उठाठेव कशाला' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मेलबर्नच्या नरेल ग्रेच हिची हकीकत सांगावीशी वाटते. ती १९८३ सालची. पंधरा वर्षांची असताना आईवडिलांनी तिला खरे सांगितले. तिने चौकशी केली तेव्हा कळले की, त्याच दात्यापासून आणखी आठ मुले झालेली आहेत. नावे मात्र मिळाली नाहीत. तिच्या जन्माच्या वेळी दात्याला गुप्ततेची हमी दिलेली होती, आणि व्हिक्टोरिया राज्याचा १९८४ चा कायदा मागच्या दानांना लागू नव्हता. ती अर्ज करीत राहिली. २०११ मध्ये तिला आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेही शेवटच्या अवस्थेत.

आतड्याचा कर्करोग काही घराण्यांत उतरतो. ज्या घरात एकाला लहान वयात झाला तेथे इतरांनी वेळीच तपासणी केली तर तो आरंभीच सापडू शकतो. आपल्या घरी असे झाले असते तर आपण काय केले असते? धाकट्या भावाला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेले असते. नरेलला आठ भावंडे होती आणि त्यांतल्या एकालाही निरोप पाठवण्याची सोय नव्हती. त्यांची नावे सरकारी दप्तरात होती. ती तिला पाहायला मिळत नव्हती, आणि त्यांना तर आपण कोणाचे भावंड आहोत हेही माहीत असेलच असे नव्हते. शेवटी राज्याचे मुख्यमंत्री टेड बेल्यू यांनी लक्ष घातले आणि २०१३ च्या आरंभी दात्याचा शोध लागला. तो माणूस तिला आनंदाने भेटला. काही आठवड्यांतच, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, तिचा मृत्यू झाला. ती तीस वर्षांची होती.

तिच्या मागे व्हिक्टोरियात कायदा बदलला. १ मार्च २०१७ पासून तेथे कोणत्याही साली दात्यापासून जन्मलेल्या माणसाला दात्याची ओळख मागता येते. तो कायदा तिच्या नावाने ओळखला जातो. त्यावर 'दात्याला दिलेले वचन मोडले' असा आक्षेप आला, आणि तो मला पोकळ वाटत नाही. विशीतल्या पोराने, कदाचित चार पैशांसाठी, केलेल्या गोष्टीने म्हातारपणी दार ठोठावावे हे कोणालाही अवघड जाईल. पण त्या कायद्याने ओळख आणि भेट या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. नाव कळेल, भेटायचे की नाही, पत्र चालेल की तेही नको, हे दाता ठरवील. मला हा मार्ग न्यायाचा वाटतो. स्वीडनने अशी ओळख कळण्याचा हक्क १९८५ पासूनच दिला आहे. ब्रिटनमध्ये तो १ एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांना लागू झाला.

धोका एकट्या नरेलपुरता नाही हे २०२५ साली पुन्हा दिसले. युरोपातील एका दात्याच्या शरीरात कर्करोगाची शक्यता वाढवणारा दोष होता. दानाच्या वेळी तो ओळखला गेला नव्हता. त्याच्यापासून आठ देशांत झालेली ६७ मुले त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत तपासली गेली. त्यांतल्या दहा जणांना कर्करोग झालेला होता. देशोदेशी पांगलेल्या त्या घरांना कळवायचे कसे, हाच डॉक्टरांपुढचा मोठा प्रश्न होता.

समाजशास्त्राच्या तासाला आप्तसंबंधांचा तक्ता काढताना पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, विवाहाला दोन समांतर रेघा आणि भावंडांना वरून जोडणारी एक रेघ असते. नरेलचा तक्ता मी वहीत काढून पाहिला. तिला आईवडिलांशी जोडता येते. त्या आठ जणांना मात्र कोणत्या रेघेने जोडायचे ते सुचेना. तुटक रेघ काढली.

आपल्या परंपरेला हा प्रश्न अगदीच नवा नाही. धृतराष्ट्र आणि पंडू हे व्यासांपासून नियोगाने झालेले, क्षेत्रज पुत्र. ही गोष्ट हस्तिनापुरात कोणापासून लपलेली नव्हती. दासीपुत्र विदुर हा त्यांचा भाऊ म्हणूनच वावरतो. पुढे धर्मशास्त्राने नियोग कलिवर्ज्य ठरवला, ते असो. पण त्याच महाभारतात दुसरी रीतही आहे. कर्ण आपला भाऊ आहे हे पांडवांना युद्ध संपल्यावर, मृतांना तिलांजली देताना कळते. कुंतीने गुपित राखले ते लोकलज्जेच्या भीतीने, आणि त्या भीतीसाठी मी तिला दोष देणार नाही. मूल नाही म्हणून बाईला वांझ आणि पुरुषाला त्याहून वाईट शब्द ऐकावे लागणाऱ्या गावात मी वाढलो आहे. तेथे एखाद्या जोडप्याने मुलाला काही सांगितले नाही तर त्यामागे मायाच असते. तरीही युधिष्ठिराचा संताप खोटा म्हणता येत नाही. आपण भावाला मारले, आणि ते टाळता आले असते हे ज्याला माहीत होते त्याने सांगितले नाही, हे त्याचे दुःख आहे.

आता आपल्याकडची आजची स्थिती. 'विकी डोनर' हा २०१२ चा हिंदी चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या शेवटी डॉक्टर नायकापासून झालेल्या सगळ्या मुलांना त्यांच्या आईबापांसह एका ठिकाणी बोलावतात. आपण हसतो, डोळे ओले करतो. पण त्या दिवाणखान्यात खेळणारी पोरे एकमेकांची भावंडे आहेत आणि ते त्यांना कोणी सांगणार नाही, हे माझ्या लक्षात चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना आले.

भारतात यासंबंधीचा पहिला कायदा २०२१ साली झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये अमलात आला. त्यातली एक तरतूद चांगली, कडक आहे: एका दात्याचे बीज एकाहून अधिक जोडप्यांना द्यायचे नाही. स्त्रीने आयुष्यात एकदाच स्त्रीबीज दान करायचे. त्यामुळे शेकडो भावंडांची शक्यता येथे पुढे राहणार नाही, अर्थात कायदा पाळला गेला तर. दात्याची स्वतःची मुले मात्र उरतातच, आणि ती या मुलाची सावत्र भावंडेच होत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दात्याची ओळख मागण्याचा हक्क या कायद्याने मुलाला दिलेला नाही. आणि त्याच्या आधीची मुले? त्यांच्यापुरता एका दात्याला एक जोडपे हा नियम नव्हता.

ती मुले आज आमच्या वयाची आहेत. काही अशाच एखाद्या महाविद्यालयात शिकत असतील. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात निषिद्ध नात्यांची जी यादी आहे तिच्यात सख्ख्याबरोबर सावत्र रक्ताचे नातेही स्पष्ट शब्दांत धरलेले आहे. नोंदणी पद्धतीने लग्न करायचे तर वधूवरांना विवाह अधिकाऱ्यासमोर लेखी द्यावे लागते की, आम्ही एकमेकांशी निषिद्ध नात्यात नाही. ही मुलेही ते लिहून देतील आणि खाली सही करतील.