मामाचा जपानी डबा

आमच्या आजोळी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक लाल-पांढरा प्लॅस्टिकचा डबा होता. घरात त्याला 'मामाचा डबा' म्हणत, आणि म्हणताना हसत. मामा त्या वेळी बोटीवर नोकरीला होता. 1987 साली योकोहामाच्या एका दुकानातून त्याने तो आणला. निन्टेन्डो कंपनीचा 'फॅमिकॉम', म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायचे यंत्र. सोबत 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाची एक वडी. दुकानात चालू करून पाहिले तेव्हा उत्तम चालत होते, असे मामा आजही शपथेवर सांगतो. घरी आणल्यावर मात्र पडद्यावर नुसत्या मुंग्या. एका दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिले आणि "माल खराब आहे, तुम्हांला फसवलंय" असा निकाल दिला. तेव्हापासून घरात कोणीही काही महाग आणले की आजी विचारायची, "मामाच्या डब्यासारखं नाही ना?"

मी इतिहासाचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत त्या डब्याची चौकशी करावी असे मनात आले, आणि त्यातून जे समजले ते आपल्या अंकाच्या वाचकांना सांगावेसे वाटते. विज्ञान शाखेच्या मित्रांनी चुका पोटात घालाव्यात.

फॅमिकॉम जपानमध्ये 15 जुलै 1983 रोजी विक्रीस आला. त्याच्या मागे चित्राची एकच खोबणी असते. तिच्यातून जे बाहेर पडते ते निव्वळ चित्र नसून एका छोट्या प्रक्षेपण केंद्राचा संदेश असतो. त्या काळच्या बहुतेक संचांना चित्र घ्यायची एकच वाट ठाऊक होती, ती म्हणजे अँटेनाची. म्हणून यंत्राच्या पोटात एक चिमुकले 'केंद्र' बसवलेले असे. ते चित्र आणि आवाज एका वाहिनीवर चढवून अँटेनाच्या वाटेने संचात पाठवी. जपानी यंत्रावर ही वाहिनी क्रमांक 1 किंवा 2 अशी निवडता येते. जपानची क्रमांक 1 ची वाहिनी म्हणजे चित्राची लहर 91.25 मेगाहर्ट्‌झ आणि आवाजाची 95.75.

आता आपल्याकडचे पाहा. भारतातील वाहिन्यांचा खालचा पट्टा 47 ते 68 मेगाहर्ट्‌झ आणि वरचा 174 ते 230. म्हणजे मामाचा डबा ज्या जागी बोलत होता त्या जागी आमच्या संचाला कानच नव्हते! आणि समजा कसेबसे ऐकू आले असते, तरी भाषा वेगळी. जपानची रंगपद्धती एनटीएससी, आपली पाल. तिथे सेकंदाला 60 वेळा पडदा रंगवला जाई, इथे 50 वेळा. आवाज चित्राच्या लहरीपासून तिथे 4.5 मेगाहर्ट्‌झ अंतरावर, इथे 5.5. फार तर एक मुके, करडे, वर-खाली सरकणारे चित्र दिसले असते. डबा खराब नव्हता आणि दुकानदार लबाडही नव्हता. पण हे 1987 साली घरात कोणाला सुचणार?

ही झाली पुस्तकी खात्री. प्रत्यक्ष खात्री करून दिली ती आमच्या नाक्यावरच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी. त्यांनी आधी अडॅप्टर बाजूला काढून ठेवला. तो जपानचा, 100 व्होल्टचा; आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला तर धूरच. (मामाने तेव्हा व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला होता म्हणून यंत्र वाचले, नाहीतर दुरुस्तीवाल्याचा निकाल खरा ठरता.) यंत्राला सुमारे 10 व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो आणि पिनेच्या मधल्या टोकाला ऋण असावे लागते. आजकालच्या बहुतेक अडॅप्टरांना नेमके तिथे धन असते. ज्यांच्याकडे असे यंत्र असेल त्यांनी हे एवढे तरी लक्षात ठेवावे.

प्रवाह मिळाल्यावर काकांनी यंत्राच्या खोबणीतून एक तार काढून दुकानातल्या जुन्या एफएम रेडिओच्या एरियलला गुंडाळली. काटा 91 च्या आसपास नेला तर नुसती गुरगुर. वर 96 च्या जवळ नेला आणि रेडिओतून मारिओचे ते सुप्रसिद्ध टुणटुणीत संगीत वाजू लागले! चमत्कार वगैरे काही नाही. आवाजाची लहर एफएमच्याच पद्धतीची आणि एफएमच्याच पट्ट्यातली. जपानमध्येही जुन्या रेडिओंवर 1 ते 3 क्रमांकाच्या वाहिन्यांचा आवाज असाच ऐकू येई. मी तिथूनच मामाला फोन लावला आणि फोन रेडिओजवळ धरला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

आता प्रश्न चित्राचा. प्रक्षेपण केंद्राची ही वाट सोडून चित्र थेट उचलायचे, एवढेच आमच्या दुरुस्तीचे तत्त्व. यंत्रात चित्र तयार करणारी एक स्वतंत्र चिप असते. तिला चाळीस पाय. त्यांपैकी एकविसाव्या पायातून चित्राचा सबंध संदेश, प्रकाश आणि रंग एकत्र मिसळलेला, बाहेर पडतो. यालाच कॉम्पोझिट म्हणतात, आणि पुष्कळ संचांच्या मागे जी पिवळी खोबणी असते ती याच संदेशासाठी. मात्र पायाला सरळ तार जोडून भागत नाही. तो संदेश अशक्त असतो. संचाचा 75 ओहमचा भार त्याला पेलत नाही. मध्ये पीएनपी जातीचा एक ट्रान्झिस्टर बसवावा लागतो. त्याने संदेश मोठा करायचा नाही, नुसता आधार द्यायचा. आजारी माणसाला खांदा द्यावा तसा. एमिटरला सुमारे 300 ओहमच्या रोधकातून 5 व्होल्ट, आणि बाहेरच्या वाटेवर सुमारे 110 ओहमचा रोधक व 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सगळे सामान वडापावच्या पैशांत येते. यंत्राची खोबणी आरसीए जातीचीच असल्याने डब्याला भोक पाडावे लागले नाही. जुनी तार सोडवून नवी तिथेच जोडली आणि आवाजाची बारीक तार मागच्या फटीतून काढली. आवाज मात्र चिपमधून थेट घेऊ नये. फॅमिकॉममध्ये तो आधी खेळाच्या वडीत जातो आणि तिथून परत येतो, कारण काही वड्यांमध्ये वाद्ये वाजवणारी स्वतःची चिप असे. 1989 चा 'आकुमाजो देन्सेत्सु' हा खेळ त्यांतलाच. परतीच्या वाटेवर तार जोडली तरच सगळा वाद्यवृंद ऐकू येतो.

पहिल्यांदा चालू केले तेव्हा चित्र आले, रंगही आले. पण सबंध पडद्यावर तुरुंगाच्या गजांसारख्या फिकट उभ्या रेघा! काका म्हणाले, "सोबत वाईट आहे." म्हणजे असे की, बोर्डावर चित्राची वाट आकडेमोडीच्या तारांना अगदी खेटून जाते आणि त्यांची कुजबुज चित्रात उतरते. मग त्यांनी एकविसावा पाय बोर्डापासून अलगद उचलून त्याला जाळीचे आवरण असलेली आखूड तार डाखली आणि चिपच्या 20 व 40 क्रमांकाच्या पायांमध्ये, म्हणजे जमीन आणि 5 व्होल्ट यांच्यामध्ये, एक कपॅसिटर टाकला. हे चालले असताना माझा श्वास अडकला होता, कारण तो पाय मोडला तर दुसरी चिप आणायची कोठून? रेघा पुष्कळ कमी झाल्या. पुरत्या गेल्या नाहीत.

एवढे करूनही रंगांच्या कडा थोड्या दातेरी आणि पाझरलेल्या दिसतात. याचे कारण मला फार मनोरंजक वाटले. एनटीएससीमध्ये रंग हा एका लहरीने सांगितला जातो. ती सेकंदाला सुमारे 35 लाख 80 हजार वेळा हेलकावते, आणि तो हेलकावा किती आधी किंवा नंतर सुरू होतो यावरून लाल, निळा, हिरवा ठरतो. फॅमिकॉमची चिप याच हेलकाव्याच्या बारा वेगवेगळ्या सुरुवातींतून बारा रंग काढते. पण तिचा एक ठिपका हेलकाव्याच्या दोन-तृतीयांश वेळेतच संपतो! रंगाचे वाक्य पुरे होण्याआधीच पुढचा ठिपका बोलू लागतो. संचाने मग शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधायचा. शिवाय एका ओळीत 341 ठिपक्यांचा वेळ, म्हणजे 227 पूर्णांक एक-तृतीयांश हेलकावे बसतात. त्यामुळे दर ओळीला सुरुवात थोडी सरकते आणि उभ्या कडेला पायऱ्या पडतात. हा दोष तारेचा नाही, जन्माचा आहे.

तो घालवायचा तर लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे संदेश हवेत, आणि ही चिप ते देऊच शकत नाही. निन्टेन्डोच्या 'प्लेचॉइस-10' या नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रात तिचीच एक बहीण असे, जी हे तीन रंग वेगळे देई. हौशी लोकांनी त्यासाठी कित्येक यंत्रे फोडली. आता त्याची गरज राहिलेली नाही. मूळ चिपच्या पायांवरची बोलणी ऐकून स्वतः रंग बनवणारे जोडबोर्ड निघाले आहेत, आणि थेट एचडीएमआय देणारेही. ते बसवायला चाळीस पायांची चिप उपटावी लागते. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. एक तर पैसे, आणि दुसरे म्हणजे उचललेला एक पाय परत बसवता येतो; चाळीस उपटल्यावर तो डबा मामाचा राहतो का, याबद्दल मला शंका आहे.

आणि स्वच्छ चित्र म्हणजे खरे चित्र, हेही तितकेसे खरे नाही. सेगा कंपनीच्या 'मेगा ड्राइव्ह' यंत्रावरच्या 'सॉनिक द हेजहॉग' (1991) या खेळात धबधबे आहेत. वेगळ्या रंगांच्या तारेने पाहिले तर तिथे नुसत्या उभ्या पट्ट्या दिसतात, एक आहे, एक नाही. कॉम्पोझिटवर त्या एकमेकींत विरघळतात आणि पाणी पारदर्शक होते. ज्या दोषाला आपण नावे ठेवतो त्याचाच तिथे कुंचल्यासारखा उपयोग होतो. जुन्या हस्तलिखितावरचे डाग धुऊन काढावेत की नाही, यावर आमच्या इतिहासाच्या तासाला वाद होतो, त्याची मला इथे आठवण झाली.

नव्या सपाट संचांचा आणखी एक घोळ आहे. जुने यंत्र दर फेरीला 262 ओळी त्याच त्या जागी काढते. नवा संच समजतो की ही अर्धी चित्रे आहेत, आणि दोन-दोन मिसळत बसतो. त्यात चित्र धूसर होते आणि वेळही जातो. बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडतो आणि खड्ड्यात पडतो. जुना काचेचा संच मिळाला तर तोच बरा. काकांच्या दुकानात कोपऱ्यात धूळ खात पडलेला, एनटीएससी समजणारा एक संच होता. तो त्यांनी महिनाभर वापरायला दिला.

भाऊबीजेला मामा आला. आता तो सत्तरीच्या पुढे आहे. आम्ही संच बैठकीत मांडला, वडी बसवली, बटण दाबले. मी उत्साहाने त्याला दाखवू लागलो, "मामा, बघ, तो ढग आणि ते झुडूप एकाच आकाराचे आहेत. जागा वाचवायला एकच चित्र दोनदा वापरलंय, फक्त रंग बदललाय. सगळा खेळ चाळीस किलोबाइटांचा!" त्याचे माझ्याकडे लक्ष नव्हते. तो आकाशाकडे पाहत होता.

"दुकानात असं नव्हतं," तो म्हणाला. "तिथं आकाश अधिक निळं होतं. हे जांभळट आहे."

आईने कपाळाला हात लावला. पण मामाचे म्हणणे खोटे म्हणता येईना. या चिपमध्ये आकाशाचा म्हणून असा एक ठरलेला निळा नाहीच. आहे ती फक्त हेलकाव्याची एक सुरुवात, आणि तिचा रंग प्रत्येक संच आपापल्या समजुतीने लावतो. एनटीएससीच्या संचांना रंगछटा फिरवण्याची सोय असते ती त्यासाठीच. मी वाकून ती कळ शोधली आणि हळूहळू फिरवू लागलो. झुडपे पिवळी झाली, मारिओचा चेहरा हिरवट झाला, पुन्हा मागे आलो.

"अजून थोडं," मामा म्हणाला. "अजून. हां, तिथं थांब."