बी सुधारलं, वापसा कुठून आणायचा?

मे संपत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एक परीक्षा होते. घरच्या सोयाबीनच्या कट्ट्यातून न निवडता शंभर दाणे मोजून घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि ती सावलीत ठेवायची. रोज थोडं पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो बी पुरतं. कमी निघाले तर त्या प्रमाणात बी वाढवायचं. सोयाबीनचं वरचं साल इतकं नाजूक की पोतं उंचावरून आदळलं तरी आतला कोंब मरतो. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात विकतचं बी उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून या गोणपाटाचं मोल जास्तच कळलं.

या शंभर दाण्यांत जनुकबदल केलेला, म्हणजे जीएम, दाणा एकही नसतो. आपल्या देशात शेतकऱ्याच्या हाती रीतसर आलेलं जीएम पीक आजवर एकच, बीटी कापूस. तरीही जीएमचा फटका सोयाबीनवाल्याला बसला, तो शेतात नव्हे, मोंढ्यात. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास पोचलं होतं. कोंबडीखाद्य महागलं म्हणून केंद्र सरकारनं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पेंडीत जिवंत दाणा नसतो, त्यामुळे पर्यावरण खात्याचीही हरकत नव्हती. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. आवक वाढल्यावर भाव थोडा उतरतोच, पण घसरणीची सुरुवात त्या निर्णयानं झाली. जे बी पेरायला बंदी, त्याचीच पेंड बंदरात उतरवायला मुभा. अर्जेंटिना-ब्राझीलचं जे सोयातेल आपल्या फोडणीत पडतं, तेही बहुतांश जीएम दाण्याचंच असतं.

मग तेच बी आपल्याला का नको, असा प्रश्न शेतकरी विचारतो आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना कापसाकडे पाहावं लागतं. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडच तयार करू लागलं, सुरुवातीला फवारण्या घटल्या, उत्पादन वाढलं. अळी या विषाला सरावू नये म्हणून ४५० ग्रॅमच्या पुड्यासोबत साध्या कापसाची १२० ग्रॅमची पुडी येई. ती कडेनं लावायची, म्हणजे विषाला न सरावलेल्या अळ्याही टिकून राहतील. दोन-चार एकरांच्या शेतात अळीसाठी ओळी सोडायला कोण धजणार? बहुतेकांनी ती पुडी लावली नाही. गुलाबी बोंडअळी सरावली आणि २०१७ मध्ये राज्यातला कापूस तिनं पोखरला. शिवाय हे सगळं संकरित बी, दरवर्षी विकत घ्यायचं. आणि जास्त मुदतीचं, त्यामुळे पाऊस सरल्यावर बोंडं भरताना त्याला पाणी हवं. ज्याच्या विहिरीत पाणी होतं त्याला बीटीनं साथ दिली. कोरडवाहूवाल्याचा बियाण्याचा खर्च वाढला आणि पावसाची धाकधूक होती तशीच राहिली.

जीएमचाच दुसरा प्रकार म्हणजे तणनाशक सोसणारं बी. त्याचं आकर्षण खुरपणीची मजुरी वाचण्यात आहे. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं बंदी झुगारून असा कापूस जाहीरपणे पेरला, तो याच अडचणीतून. दुष्काळ सोसणाऱ्या बियाण्याचीही आशा आहे. अर्जेंटिनात शास्त्रज्ञ राकेल चान यांच्या चमूनं सूर्यफुलातलं एक जनुक गव्हात आणि सोयाबीनमध्ये घातलं. ताण पडला तरी ते झाड लवकर म्हातारं होत नाही, तग धरतं. हे संशोधन मोलाचं आहे आणि आपल्याकडे त्याच्या खुल्या, निःपक्ष चाचण्या व्हायला हव्यात. पण ते बी ताणातलं नुकसान कमी करतं, पाणी निर्माण करत नाही.

पाऊस पडून गेल्यावर चिखल निवळतो, मातीत ओल राहते आणि हवाही खेळते, त्या स्थितीला आपण वापसा म्हणतो. वापसा नसेल तर कुठलंच बी चालत नाही. २०२३चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. शेंगा भरायच्या वेळी पाऊस दडी मारून बसला आणि पुढे धाराशिव, वाशी, लोहारा हे तालुके दुष्काळी जाहीर झाले. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, परंडा-भूम भागात इतका पाऊस झाला की माणसं हेलिकॉप्टरनं बाहेर काढावी लागली. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, नदीकाठची जमीन मुरमापर्यंत खरडून गेली. गेलेली माती परत आणणारं जनुक नाही.

आता पाण्याकडे येऊ. जिल्हा पर्जन्यछायेत, खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या, भेगाळलेल्या थरात. त्याखाली बोअर नेला तर भेगांत अडकलेलं पाणी मिळतं, पण एकदा उपसलं की ते भरायला फार काळ लागतो. म्हणूनच राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात शेतीसाठीच्या ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. प्रत्यक्षात बोअर खोल-खोल जात राहतात आणि ते पाणी मुख्यतः उसाला जातं. तुटीच्या खोऱ्यात ऊस नको, हे माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगानं १९९९ मध्येच सांगितलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. धाराशिव शहर सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचं पाणी पितं. कृष्णा खोऱ्यातून हक्काचे ७ टीएमसी मिळण्याची वाट शेतकरी वर्षानुवर्षं पाहतो आहे.

तरी ऊस लावणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. उसाला ठरलेला दर आहे, घेणारा कारखाना आहे. पैसे उशिरा का होईना, येतात. सोयाबीनचं काय होतं? २०२४च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात चार हजारांच्या आसपास बोली लागत होती. सरकारी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के; ती १५वर नेली नोव्हेंबरच्या मध्यावर. तोवर दिवाळीच्या खर्चासाठी कितीतरी माल पडत्या भावात गेला होता. सोयाबीन, तूर, ज्वारीला उसासारखी हमखास खरेदी मिळाली तर कितीतरी बोअर आपोआप विसावा घेतील. ज्या पिकाला भाव, त्याच पिकाकडे पाणी धावतं.

२८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पाणी हा मानवी हक्क मानला. आपल्या जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटर कबूल केले. पण गावच्या नळाची विहीर आणि उसाचा बोअर एकाच खडकातून पाणी ओढतात. खडक रिता झाला की नळाला हवा येते आणि घागर घेऊन टँकरपुढे उभी राहते ती घरातली बाई.

वाटही याच बायांनी दाखवली. १९९३च्या भूकंपानंतर या भागात काम करू लागलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर जिल्ह्यातल्या महिलांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेतला. त्यात एकच नगदी पीक न घेता ज्वारी, कडधान्यं, भाजीपाला असं घरी खायचं पेरलं, शेणखत वापरलं, पाणी बेतानं दिलं. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एक पीक बुडालं तर दुसरं ताटात येतं, हा त्यातला साधा हिशेब.

गोणपाटावर सत्तरच्या जागी साठ कोंब आले तर शेतकरी कुणाकडे तक्रार करत नाही. मूठभर बी वाढवतो आणि पेरतो. बियाण्यातली तूट तो स्वतः भरून काढतो. पाण्यातली आणि भावातली तूट त्याच्या मुठीत मावत नाही. ती भरून काढणं हे सरकारचं आणि आपल्या सगळ्यांचं काम आहे. त्याचा जाब आपण जूनमध्ये आभाळाला विचारतो. तो मंत्रालयाला विचारायला हवा.